दोन एमबीच्या आत

"एकाहत्तर," मी म्हणाले.

"पानं?" शिंत्रे गुरुजींनी विचारलं.

"पानं दोनशे चौदा. हे फाइलचं वजन. एकाहत्तर एमबी."

"आणि ते लोक घेतात किती?"

"दोन."

गुरुजी माझ्यासमोरच्या खुर्चीत काठीवर दोन्ही हात ठेवून बसले होते. ते म्हणाले, "म्हणजे एकोणसत्तर कमी करायचे. कोशातला शब्द मात्र एकही काढायचा नाही." चौथीच्या वर्गाला गृहपाठ द्यावा तसं सांगून ते उठले आणि दाराची चौकट चाचपत पायरी उतरून गेले.

ह्याला आता सहा वर्षं होऊन गेली. आजऱ्याच्या स्टँडसमोरच्या गल्लीत माझं डीटीपीचं दुकान तेव्हाही होतं, आताही आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, पतसंस्थांचे अहवाल, असलं काम. त्यात शिंत्रे गुरुजी कोश घेऊन आले, आणि तीन महिने मी जमिनीवर नव्हते. आपल्या हातून पुस्तक होतंय, ही गोष्ट मी ओळखीच्या आणि अनोळखी सगळ्यांना सांगत सुटले होते.

गुरुजींनी आजरा आणि चंदगड तालुक्यांतल्या शाळांवर चौतीस वर्षं नोकरी केली. ज्या गावात बदली होईल तिथल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या पुढ्यात बसायचं, शेताभाताचे, घरादाराचे, भांड्याकुंड्यांचे शब्द विचारायचे आणि वहीत उतरवायचे. शब्द, खाली अर्थ, आणि त्याच्याही खाली तो सांगणाऱ्याचं नाव आणि गाव. सतराशे शब्द झाले, सांगणारी माणसं साडेतीनशे. प्रत्येकाला गुरुजींनी शब्द दिला होता की तुझं नाव छापून येईल. त्यातली निम्मीअधिक माणसं वाट बघून गेली.

मुंबईची एक संस्था दर तीन वर्षांनी अशी हस्तलिखितं निवडून छापते आणि गावोगावच्या वाचनालयांना पाठवते. त्यांच्या वेबसाइटवर गुरुवारी संध्याकाळी पाचच्या आत पुस्तकाची पीडीएफ चढवायची होती. सोबत लेखकाच्या सहीचं प्रतिज्ञापत्र: 'अंतिम प्रत मी स्वतः पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तपासली आहे.' गुरुजी तेव्हा सत्त्याहत्तर वर्षांचे होते. आणखी तीन वर्षांचा हिशेब कुणी काढला नाही, पण तो सगळ्यांच्या डोक्यात होता. आणि तो दिवस होता मंगळवार.

दोन एमबीची अट मी आधी वाचली नव्हती. माझ्या फायली कशा जातात हे मला ठाऊक होतं, म्हणून अटी वाचायची गरजच वाटली नव्हती. माझ्या फायली कर्व्ह होऊन जातात.

कर्व्ह म्हणजे काय ते सांगते. आपल्याकडे नीट दिसणारं मराठी दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर गेलं आणि तिथं तो फॉन्ट नसला, की अक्षरं फुटतात. शब्दाच्या जागी चौकोन उमटतात. म्हणून आमच्या धंद्यात फाइल बाहेर धाडण्याआधी सगळा मजकूर कर्व्ह करायचा रिवाज आहे. कर्व्ह केलं की अक्षर अक्षर राहत नाही, त्याचं चित्र होतं. चित्र कुठंही गेलं तरी फुटत नाही.

दुकान काढलं त्या पहिल्याच वर्षी मी एक पत्रिका कर्व्ह न करता निपाणीच्या प्रेसला पाठवली होती. नवरदेवाच्या नावाच्या जागी सहा चौकोन छापून आले, पाचशे पत्रिकांवर. नवरीचा बाप दुकानात आला, गठ्ठा टेबलावर ठेवला आणि एक शब्द न बोलता निघून गेला. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानंतर चौदा वर्षं माझ्या दुकानातून कर्व्ह न केलेली एक ओळही बाहेर पडली नाही. निपाणी-कोल्हापूरचे प्रेसवाले म्हणायचे की कुंदा सुतारची फाइल डोळे झाकून छापायला घ्यावी. ते ऐकून मी महिनाभर खुशीत असायचे.

दुसरा अभिमान ह्याहून मोठा. गुरुजींना प्रूफ दिलं की ते म्हणायचे, "तू वाच, तुझे उच्चार ऐकू देत." मी दहाबारा ओळी वाचायची, ते डोळे मिटून ऐकायचे. उरलेली पानं घरी न्यायचे आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक पानाखाली सही करून परत आणायचे. तीन महिन्यांत एक चूक निघाली नाही. चौतीस वर्षं लाल शाईनं वह्या तपासलेल्या माणसाला माझ्या टायपिंगमध्ये चूक सापडत नाही, हे मी आईला फोन करून सांगितलं होतं.

तर एकाहत्तर. फाइल लहान करून देणाऱ्या दोन वेबसाइटवर ती टाकून बघितली. पहिलीनं सत्तर केले, दुसरीनं अडुसष्ट. त्यांना फोटो बारीक करता येतात, आणि माझ्या पुस्तकात फोटो एकही नव्हता.

तेवढ्यात शेजारचा रियाज मुजावर आला. त्याचं फ्लेक्सचं दुकान. हात सदानकदा पट्ट्यांत नि रिंगांत अडकलेले, म्हणून आलेले मेसेज त्याचा फोनच त्याला वाचून दाखवायचा, एका बाईच्या आवाजात. तिचं मराठी जरा अडखळतं होतं, पण दिवसभर ती बोलत असायची, आणि अख्खी गल्ली तिला रियाजची दुसरी बायको म्हणायची.

"कुंदाक्का, तोंड का पडलंय?"

मी सांगितलं.

"मग कर्व्ह सोड की. एकेक अक्षर चित्र काढून पाठवायलीस. 'क' चार हजार वेळा आला तर चार हजार वेळा नव्यानं काढलास. वजन हुणार न्हाई तर काय हुईल?"

"ते सोडून बोल."

"ते सोडून बोलायला ऱ्हायलंय काय? आणि माझी बाई बी तुझ्या फाइलीवर मुकी हुती. जगाचं सगळं वाचती, तुझं प्रूफ उघडलं की गप्प. भांडलीस काय तिच्यासंगं?"

मी त्याला हाकलून दिलं. पण दुपारी जेवण गेलं नाही. साडेतीनशे माणसांची नावं एका बाजूला आणि सहा चौकोन दुसऱ्या बाजूला, असं सारखं डोळ्यांसमोर येत होतं. चार वाजता मी मूळ फाइल उघडली, कर्व्ह करण्याआधीची.

नुसतं कर्व्ह सोडून भागणार नव्हतं. मी वापरलेल्या जुन्या फॉन्टला त्याच्या कंपनीनं कुलूप घातलेलं होतं, फाइलसोबत बाहेर जायची त्याला परवानगीच नव्हती. म्हणजे सगळा मजकूर आधी युनिकोडमध्ये न्यायचा, फोनवर चालतं तसल्या मराठीत, आणि मग मोकळा मिळणारा फॉन्ट लावायचा. ते बदलून देणारं सॉफ्टवेअर असतं, पण ते वाटेत सांडलवंड करतं. रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो, जोडाक्षरं सुटतात. बुधवारी दुपारपर्यंत तेच निस्तरत बसले होते.

मग पीडीएफ काढली. तेहेतीस एमबी.

मला रडू यायचं बाकी होतं. रियाज मागे उभा राहून चहा पीत होता. त्यानंच स्क्रीनवर बोट ठेवलं. फाइलच्या माहितीत कुठले फॉन्ट सोबत आहेत त्याची यादी असते, ती मी उघडली होती.

"ही काय मतदारयादी हाय? तेच नाव किती वेळा?"

मी मोजलं. पस्तीस वेळा. चार फॉन्ट, प्रत्येक पस्तीसदा. प्रत्येक अक्षराचं प्रकरण, म्हणजे 'अ'चं, 'आ'चं, 'क'चं, मी वेगवेगळ्या फायलींत केलं होतं आणि शेवटी सगळ्या जोडल्या होत्या. प्रत्येक फाइल आपापले फॉन्ट पाठीवर घेऊन आली होती. मी सगळा कोश एकाच फाइलमध्ये ओतला आणि पुन्हा पीडीएफ काढली. दोन पूर्णांक सहा.

"बघ की," रियाज म्हणाला.

"अजून सहा दशांश उरले."

"माहेराला चार दिवस जाताना अख्खं कपाट नेतीस काय?"

तो सहज बोलून गेला असेल, पण माझा हात थांबला. एका मराठी फॉन्टमध्ये अक्षरं आणि जोडाक्षरं मिळून आठशेच्या वर आकार असतात. शिवाय इंग्रजी, शिवाय कसली कसली चिन्हं. माझ्या पुस्तकात ती सगळी कुठं होती? पीडीएफ काढायच्या खिडकीत खाली एक चौकट होती, वापरलेलीच अक्षरं सोबत घ्या, अशा अर्थाची. चौदा वर्षं ती चौकट माझ्या डोळ्यांसमोर होती आणि चौदा वर्षं मी तिला हात लावला नव्हता, कारण कर्व्ह करणाऱ्याला तिचं काही काम नसतं. मी चारांतले दोन फॉन्ट काढून टाकले, चौकटीत खूण केली आणि बटण दाबलं.

एक पूर्णांक अठ्ठ्याण्णव.

लगेच ती फाइल रियाजच्या कॉम्प्युटरवर उघडून बघितली. त्याच्याकडे ह्यातला एकही फॉन्ट नव्हता. पान पन्नास, पान शंभर, पान दोनशे. कुठंच चौकोन नव्हता. लागणारी अक्षरं फाइलनं स्वतःबरोबर आणली होती आणि बाकीची घरी ठेवली होती.

"आता ह्यात काडी घालू नकोस," रियाज म्हणाला. "दोन शतांश ऱ्हायल्यात."

काडी घालावी लागणारच होती, कारण बदलताना सांडलेलं एकूण एक सापडलंय असं मी छातीठोक सांगू शकत नव्हते. पुस्तक पुन्हा पहिल्यापासून वाचायला हवं होतं. मी सगळ्या पानांची प्रिंट काढली आणि चार वाजता गुरुजींच्या घरी गेले. अर्धी पानं तुम्ही बघा, अर्धी मी बघते, म्हणाले. गुरुजींनी गठ्ठा हातात घेतला, कडा ठोकून सारखा केला आणि म्हणाले, "उद्या सकाळी आणतो." त्यांच्या मागे अनसूयाकाकू, त्यांच्या पत्नी, उभ्या होत्या. त्या काहीतरी बोलणार असं वाटलं, पण त्या चहा ठेवायला आत गेल्या.

गुरुवारी नऊ वाजता गुरुजी दुकानात हजर. एकशेसात पानं, प्रत्येकाखाली सही. एकही दुरुस्ती नाही. माझ्या अर्ध्या पानांत मात्र मला नऊ चुका सापडल्या होत्या, म्हणून जरा नवल वाटलं. मी त्यांची पानं चाळायला लागले.

एकशे बासष्ट आणि एकशे त्रेसष्टच्या मध्ये एक कोरा कागद होता. प्रिंटरनं दोन कागद एकदम ओढले की असं होतं. वर पानाचा आकडा नाही, मध्ये एक अक्षर नाही. आणि खाली उजव्या कोपऱ्यात गुरुजींची सही होती, कोपऱ्यापासून अंगठ्याएवढं अंतर राखून, नेहमीसारखी.

मी खालच्या कप्प्यातून तीन महिन्यांचे गठ्ठे काढले. सगळ्या सह्या त्याच जागी, तेवढ्याच अंतरावर. वाचणारा माणूस इतक्या मापानं सही करत नाही.

"गुरुजी, हे पान कसं वाटलं?" मी तो कोरा कागद त्यांच्या हातात दिला.

त्यांनी कागदावरून बोटं फिरवली. "चांगलं आहे."

माझं गप्प बसणंच त्यांना समजलं असावं. त्यांनी कागद मांडीवर ठेवला आणि चष्मा काढला.

"कोरं आहे काय?"

"हो."

"उजवा डोळा दिवाळीपासून. डावा त्याच्याही आधीच गेला. काचबिंदू." ते अगदी साध्या आवाजात सांगत होते. "तू समोर आहेस एवढं कळतं. हिला ठाऊक आहे. तिला वाचता येत नाही, नाहीतर तिनंच वाचून दाखवलं असतं."

"मला का नाही सांगितलं?"

"तुला वाईट वाटलं असतं. आणि तू दुसऱ्या कुणाकडून तरी तपासून घेतलं असतंस. कुंदा, त्या माणसांनी शब्द मला सांगितलेत, तिसऱ्या कुणाला नाही."

"पण ते प्रतिज्ञापत्र?"

"चौतीस वर्षं पोरांना सांगितलं, खोटं बोलायचं नाही. एकदाच बोलणार होतो, आज पाच वाजता. म्हटलं, साडेतीनशे माणसांसाठी चालेल." त्यांनी चष्मा पुसला. तो पुसायची गरज नव्हती. "आता तुला कळलं. आता तेही व्हायचं नाही. फाइल पाठवू नको."

ते काठी शोधायला लागले. मी काठी दिली नाही, खुर्चीमागे धरून ठेवली. मला त्यांचा राग आला होता आणि माझा त्याहून जास्त आला होता. आईला फोन करून सांगितलं होतं मी, एक चूक निघाली नाही म्हणून.

तेवढ्यात शेजारच्या दुकानातून रियाजची दुसरी बायको बोलली. "पतसंस्था हत्तिवडे यांचा मेसेज. बॅनर आठ बाय चार. फोटो मोठा घ्या."

मी उठले, रियाजच्या हातातला फोन काढून घेतला आणि त्याला काही न सांगता दुकानात आणला. नवी फाइल त्यावर धाडली. दोन एमबीसुद्धा नसलेली ती फाइल चहाचा घोट घ्यायच्या आत येऊन पडली. मी ती फोनवर उघडली. जुन्या फाइलीवर ही बाई मुकी व्हायची, कारण तिथं वाचायला अक्षर नव्हतंच, नुसती चित्रं होती. आता अक्षरं होती. असावीत.

"अडणा," फोन बोलला. "दार आतून बंद करण्यासाठी लावायचं आडवं लाकूड. सांगणार, रखमाबाई घोरपडे, पेरणोली."

गुरुजींची काठीसाठी पुढं आलेली बोटं तशीच राहिली.

"हजर," वर्गात हजेरी घेत असल्यासारखं ते पुटपुटले.

रियाज दारात उभा होता, हातात फ्लेक्सची पट्टी तशीच. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि पट्टी खाली ठेवली.

"कोण वाचतंय हे?" गुरुजींनी विचारलं.

"तुमचं पुस्तक वाचतंय," मी म्हणाले. "तुम्ही ऐकायचं आणि तपासायचं. चुकलं की थांबवायचं."

"सगळं वाचेल?"

"पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत."

गुरुजींनी चष्मा घातला. रुमाल काढला, चेहरा पुसला, खुर्ची पुढं ओढली. वर्गावर आल्यासारखे ताठ बसले. "जरा भरभर वाचायला सांग तिला," ते म्हणाले. "वेळ थोडा आहे."

साडेदहा वाजले होते. रियाजनं आवाजाची गती वाढवून दिली आणि स्वतःचं दुकान निम्मं बंद करून आमच्याकडेच स्टूल टाकून बसला. बाई कुठं कुठं अडखळत होती, एखाद्या जोडाक्षराला ठेच लागायची, पण शब्द कळत होता. अर्धवट ऐकू येताच गुरुजी बोट वर करायचे. "थांब. रफार कशावर आहे बघ." मी बघायची. रफार खरंच भलतीकडे असायचा. मी दुरुस्त करायची, आणि बाई पुढं निघायची. माझ्या नऊ चुका त्यांनी न सांगता पकडल्या, आणि माझ्या डोळ्यांखालून सुटलेल्या आणखी सात. सतराशे शब्द त्यांना ओळीनं पाठ होते. मी आजवर इतकी प्रूफं बघितली, पण अशी तपासणी पुन्हा बघितली नाही.

दीड वाजता अनसूयाकाकू डबा घेऊन आल्या. भाकरी, हुरड्याची चटणी, ताक. त्या दारातच थबकल्या. नवरा फोनसमोर कान देऊन बसलाय, बाई बोलतेय, मी टाइप करतेय. गुरुजींनी पावलं ओळखली. "बस," ते म्हणाले. "पुस्तक वाचतोय." काकू कोपऱ्यातल्या बाकावर बसल्या आणि पदर तोंडाला लावून ऐकत राहिल्या.

"तिफण," बाई म्हणाली. "तीन फणांचं पेरणीचं अवजार. सांगणार, धोंडिबा राणे, गवसे. तीट. लहान मुलाला लावायचा काजळाचा..."

"थांब."

"काय फुटलं?" मी विचारलं.

"फुटलं नाही. तिवडा कुठं गेला?"

मी फाइलमध्ये शोधलं. तिवडा नव्हता. युनिकोडमध्ये नेताना सांडला असेल म्हणून जुनी फाइल उघडली. तिथंही नव्हता. त्या पानाचं दोन महिन्यांपूर्वीचं प्रूफ काढलं. तिफण, आणि लगेच तीट. खाली सही, अंगठ्याएवढ्या अंतरावर. मी तो शब्द टाइपच केला नव्हता. एकही अक्षर फुटलं नव्हतं आणि शब्दच गेला होता. कर्व्ह करून निपाणीला गेला असता तर सुबक छापून आला असता, तिवड्याशिवाय.

"माझी चूक आहे, गुरुजी."

"तो पहिला शब्द आहे, कुंदा," ते म्हणाले. "पहिल्या वहीतल्या पहिल्या पानावरचा. मी कोल्हापुरातला, नवा नवा मास्तर. सासुरवाडीला सुळ्याला गेलो, खळ्यावर मळणी चाललेली. मध्ये एक खांब, त्याभोवती बैल फिरतायत. मी हिला विचारलं, हा खांब कशाला? ही पोट धरून हसली. मास्तर म्हणं, आणि तिवडा म्हाईत न्हाई. त्याच दिवशी वही आणली."

मी विचारलं, "सांगणार म्हणून कुणाचं नाव घालू?"

गुरुजी हसले. कोपऱ्यातून काकू म्हणाल्या, "मग माझाच तेवढा खाल्लास व्हय गं?"

रियाज इतका हसला की त्याला ठसका लागला. मला हसावं की रडावं कळेना, मी दोन्ही केलं. मग टाइप केलं: 'तिवडा. मळणीच्या वेळी बैल बांधण्यासाठी खळ्याच्या मध्यभागी रोवलेला खांब. सांगणार: अनसूया शिंत्रे, सुळे.' काकूंनी जागेवरून उठून स्क्रीनकडे बघितलं. कुठं लिहिलंय ते दाखवायला सांगितलं. मी दाखवलं. त्यांनी तिथं बोट ठेवलं आणि काचेवर ठसा उमटला म्हणून पदरानं पुसला.

'ह' संपायला चार वाजले. गुरुजींचा घसा ऐकूनच कोरडा पडला होता. आता शेवटची पीडीएफ. माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. दोन शतांश शिल्लक, आणि मी दोन ओळींचा एक नवाच शब्द घातला होता.

"वाढलं आणि दोनच्या वर गेलं तर?" रियाज हळूच म्हणाला.

"तर दुसरं काहीतरी काढीन. तिवडा नाही."

बटण दाबलं. पट्टी सरकत गेली. मी आकडा मोठ्यानं वाचला, कारण गुरुजींना तो ऐकायचा होता.

"एक पूर्णांक अठ्ठ्याण्णव."

"तेवढंच?"

"तेवढंच. त्याच्यात लागणारं एकूण एक अक्षर पुस्तकात आधीच होतं. नवं काही न्यावं लागलं नाही."

गुरुजींनी मान हलवली. "मग आता तो कागद आण."

मी प्रतिज्ञापत्र पुढ्यात ठेवलं. सहीच्या रेघेखाली स्टीलची पट्टी धरायला गेले, म्हणजे त्यांना जागा कळावी. त्यांनी पट्टी बाजूला सारली. "आधी वाच," म्हणाले. मी वाचलं: 'अंतिम प्रत मी स्वतः पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तपासली आहे.' ते म्हणाले, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं. मग त्यांनी पेन घेतला आणि कोपरा न चाचपता, अंगठा न टेकवता, झरकन सही केली. चार वाजून बावीस मिनिटांनी फाइल चढली.

पुस्तक पुढच्या वर्षी छापून आलं. गुरुजींनी रियाजच्या गाडीवर मागे बसून ते गावोगाव नेऊन दिलं, सांगणारी माणसं नव्हती तिथं त्यांच्या नातवंडांच्या हातात दिलं. माझं नाव आतल्या पानावर आहे: अक्षरजुळणी, कुंदा सुतार.

दुकानात टेबलाच्या काचेखाली दोन कागद आहेत. एक ते जुनं प्रूफ, तिफण आणि लगेच तीट, खाली मापात केलेली सुरेख सही. माझ्या कामाचं कुणी फार कौतुक करायला लागलं की मी ते बघून घेते. दुसरी प्रतिज्ञापत्राची प्रत. तिच्यावरची सही रेघ सोडून वर गेलीय, पार वाकडी, शेवटचं अक्षर छापील मजकुरावर चढलंय. गिऱ्हाइकं विचारतात, ही कुणाची सही. मी सांगते, आमच्या गुरुजींची, पुस्तक वाचून झाल्यावर केलेली.